नाताळची आरास : आधी तराजू, मग कात्री

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला, की कोल्हापूरच्या बाजारात दिवाळीच्या आकाशकंदिलांची जागा चांदण्या घेतात. लाल, पांढऱ्या, सोनेरी. कागदाच्या, कापडाच्या, प्लास्टिकच्या. त्यांच्याबरोबर गेली काही वर्षे एक शब्दही दुकानांत टांगलेला दिसतो. तो शब्द म्हणजे ‘इको-फ्रेंडली’. आपण त्याला पर्यावरणपूरक म्हणतो. ही पाटी कागदी चांदणीवर असते, तागाच्या माळेवर असते आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या खोक्यावरही असते.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. ‘हा दगड जड आहे’ असे कोणी म्हटले, तर आम्ही लगेच विचारतो, किती जड? कशाच्या मानाने जड? ‘ही आरास पर्यावरणपूरक आहे’ या विधानालाही हेच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पर्यावरणपूरक हे दुकानातून विकत आणायचे विशेषण नव्हे. ते एका गणिताचे उत्तर आहे, आणि ते गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाताळचेच उदाहरण का घेतले, असे कोणी विचारील. कोल्हापुरात हा सण परका नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली येथे आले. त्यांच्या नावाचे चर्च शहरात आहे. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळच्या फराळाला करंज्या आणि शंकरपाळ्या होतात आणि दारावर चांदणी लागते. आता तर शाळाशाळांतून, दुकानांतून सर्वच धर्मांची मुले ही आरास करतात. शिवाय जे गणित चांदणीला लागू आहे, ते दिवाळीच्या कंदिलाला आणि गणपतीच्या मखरालाही लागू आहे.

या चांदणीचा इतिहासही विद्यार्थ्यांना आवडावा असा आहे. जर्मनीतील नीस्की या गावी मोरेव्हियन पंथीयांची एक शाळा होती. तेथे १८३० च्या दशकात मुलांना भूमिती शिकवताना कागदाची एक घन चांदणी करून घेत असत. तिचे आज प्रचलित असलेले रूप असे : मध्ये २६ पृष्ठांची घनाकृती, त्यांतील १८ पृष्ठे चौरस आणि ८ त्रिकोणी. एक चौरस टांगण्यासाठी आणि दिव्यासाठी सोडायचा आणि उरलेल्या २५ पृष्ठांवर एकेक निमुळता पिरॅमिड बसवायचा. म्हणजे जगभर नाताळात झळकणारी ही चांदणी मुळात बाजारात जन्मली नाही. ती वर्गात, मुलांच्या हातांनी, कागद आणि खळीने जन्मली. फिलिपिन्समधील प्रसिद्ध ‘पारोल’ ही चांदणीही बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद यांचीच असे. आपला आकाशकंदील याच घराण्यातला.

आता गणिताकडे वळू. कोणतीही आरास करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ती कशाची आहे आणि शेवटी कोठे जाणार? ती किती वर्षे वापरणार? ती उजळण्यासाठी किती ऊर्जा लागणार?

पहिला प्रश्न. थर्मोकोलचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलला देशभर बंदी आहे. पण कायदा आहे म्हणून थर्मोकोल नको, एवढ्यावर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबू नये. कारण शोधावे.

एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड असा तक्ता घ्या. त्याचे घनफळ १०,००० घन सेंटिमीटर. हलक्या थर्मोकोलची घनता घनमीटरला सुमारे १५ किलोग्रॅम धरली, तर तक्त्याचे वजन भरते १५० ग्रॅम. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. नुसत्या पॉलिस्टायरीनची घनता घन सेंटिमीटरला १.०५ ग्रॅम आहे. म्हणून १५० ग्रॅममध्ये खरे पॉलिस्टायरीन केवळ १४३ घन सेंटिमीटर. बाकीचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग म्हणजे हवा!

थर्मोकोलची अडचण या हवेतच आहे. भंगारवाला वजनावर पैसे देतो. शंभर लिटरचे पोते थर्मोकोलने ठासून भरले, तरी ते दीड किलोच्या वर जात नाही. मग कचरा वेचणाऱ्या बाईने ते का उचलावे? ते तेथेच राहते, त्याचे मणी सुटतात, वाऱ्याने उडतात आणि पाण्यावर तरंगतात. आपल्या शहरातला रस्त्यावरचा मणी गटारातून जयंती नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत आणि पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत जाऊ शकतो. या सगळ्या प्रवासात त्याला कुजवणारा जिवाणू त्याच्या वाटेला सहसा येत नाही. चमकीचेही असेच. चमकी म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या फिल्मचे बारीक तुकडे. एकदा सांडली की ती गोळा करणे अशक्य. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणासाठी.

आता गंमत पाहा. हलके, पांढरे, सुरीने कापता येणारे आणि आत हवा भरलेले असे द्रव्य आपल्या शेतात उगवते. जोंधळ्याच्या वाळलेल्या ताटाची साल सोलली, की आत भेंड निघते. खेड्यातील मुले पूर्वी त्याच्या बैलगाड्या करीत. भेंड म्हणजे वनस्पतीच्या पेशींच्या रिकाम्या भिंती आणि त्यांत कोंडलेली हवा, अर्थात निसर्गाचा थर्मोकोल. हा मात्र मातीत पडला तर कुजतो, गुराने खाल्ला तर पचतो. बाभळीच्या काट्यांनी भेंडाचे तुकडे जोडून लहान चांदण्या, घरे, मेंढ्या करता येतात. त्याला डिंकही लागत नाही. कडबा हा जनावरांचा चारा आहे, तेव्हा दोन-चार ताटांपेक्षा अधिक घेऊ नयेत.

दुसरा प्रश्न वर्षांचा. माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विचारला जात नाही. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे दोन मीटर उंचीच्या कृत्रिम नाताळवृक्षामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. ते झाड एक वर्ष वापरून टाकले, तर वर्षाला ४० किलो. दहा वर्षे वापरले, तर वर्षाला ४ किलो. वीस वर्षे वापरले, तर २ किलो. झाड तेच, प्लास्टिक तेच. भाजक बदलला की उत्तर बदलते.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या घरी प्लास्टिकची चांदणी आधीच असेल, तर पर्यावरणाच्या नावाखाली ती फेकून नवी कागदी चांदणी आणू नका. जुनी पुसा, सांधा आणि पुन्हा लावा. ती तयार होताना जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले आहे. ती फेकल्याने ते भरून येत नाही, उलट कचऱ्यात भर पडते. नवी करायची वेळ येईल तेव्हा मात्र ती प्लास्टिकची नसावी.

तिसरा प्रश्न ऊर्जेचा. चांदणीत ४० वॉटचा तारेचा दिवा रोज पाच तास, बारा रात्री लावला, तर ४० × ५ × १२ म्हणजे २,४०० वॉट-तास, अर्थात २.४ युनिट वीज लागते. साधारण तेवढाच उजेड ५ वॉटचा एलईडी दिवा देतो, आणि त्याला लागते ०.३ युनिट. वाचले २.१ युनिट. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर ही बचत दीड किलोच्या आसपास जाते.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. तारेचा दिवा विजेपैकी जेमतेम ५ टक्क्यांचा दृश्य प्रकाश करतो. उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होते. म्हणूनच कागदी कंदील पेट घेईल ही भीती लोकांना वाटे आणि ती रास्त होती. एलईडीने ती भीती बरीच कमी केली आहे. कागदाकडे परत जाण्याची वाट अशी एका नव्या शोधाने मोकळी केली आहे. तरी दिवा कागदापासून चार बोटे दूर ठेवा आणि २३० व्होल्टची जोडणी घरातल्या जाणत्या माणसाशिवाय करू नका. गेल्या वर्षीची दिव्यांची माळ लागत नसेल, तर ती टाकण्याआधी आपल्या भागातल्या वीज-दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. अशा माळांत बरेच दिवे एकसर जोडणीत असतात. एक दिवा गेला किंवा एक तार सुटली, की अख्खी रांग विझते. दोष एका ठिकाणचा आणि शिक्षा सगळ्या माळेला!

एवढे समजले, की कात्री हाती घ्यायला हरकत नाही. पाच टोकांची चांदणी कशी करावी ते थोडक्यात सांगतो.

बांबूच्या सारख्या लांबीच्या १० कामट्या घ्या. प्रत्येक ६० सेंटिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड. बुरुडाकडून मागितल्या तर तो हव्या तशा काढून देतो, आणि त्या कारागिराच्या हाताला कामही मिळते. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटर अंतरावर पेन्सिलीने खूण करा. मध्ये उरतील १४ सेंटिमीटर. पाच कामट्या एकमेकींवर अशा ठेवा, की पाच टोके जुळतील आणि कामट्या बरोबर खुणांवर एकमेकींना छेदतील. प्रत्येक कामटी एका छेदाला दुसरीच्या वरून आणि पुढच्या छेदाला खालून न्या. टोके दोऱ्याने बांधा. ही एक चांदणी झाली. अशीच दुसरी करा. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके एकत्र बांधा. मग आतल्या पाच छेदांपाशी, दोन चांदण्यांच्या मध्ये, १० सेंटिमीटर लांबीचे पाच टेकू बसवा. चांदणी फुगते, कामट्यांना ताण बसतो आणि सांगाडा घट्ट होतो.

२३ आणि १४ हे आकडे कोठून आले? पंचकोनाच्या कर्णांचे एकमेकांना छेदून जे भाग पडतात, त्यांत लगतच्या मोठ्या आणि लहान भागांचे गुणोत्तर सुमारे १.६१८ येते. हेच ते सुवर्ण गुणोत्तर. २३ ला १४ ने भागून पाहा; पूर्णांकांत माप घेतल्यामुळे थोडा फरक पडेल, पण उत्तर जवळपास तेच येईल. आणि टोकाचा कोन मोजा, तो ३६ अंश भरेल.

वर पतंगाचा पातळ कागद लावा. दोन्ही बाजू मिळून कागद पाव चौरस मीटरपेक्षाही कमी लागतो, आणि त्याचे वजन दहा ग्रॅमांच्या आतच असते. चकचकीत ‘जिलेटिन’ कागद घेताना मात्र सावध राहा. त्या नावाखाली आज पुष्कळदा प्लास्टिकची फिल्मच विकली जाते. चिकटवायला मैद्याची खळ पुरे. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, पण मोरचूद विषारी आहे, तो टाळावा. त्याऐवजी सण संपल्यावर चांदणी कोरडी करून उंच जागी ठेवावी.

आता हिला आपली तीन प्रश्नांची कसोटी लावू. कामट्यांचे वजन सुमारे ११० ग्रॅम. सांगाडा दहा वर्षे टिकवला, तर वर्षाला ११ ग्रॅम, आणि दरवर्षीचा नवा कागद सुमारे ६ ग्रॅम; एकूण १७. समजा, २०० ग्रॅमची प्लास्टिकची चांदणी कोणी दहा वर्षे सांभाळली, तर तिचा हिशेब वर्षाला २० ग्रॅम. म्हणजे नुसत्या वजनात फारसा फरक नाही! फरक पडतो तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात. बांबूचे आणि कागदाचे १७ ग्रॅम मातीत मिसळून जातात, प्लास्टिकचे २० ग्रॅम जमिनीत वा पाण्यात साठत राहतात. आणि बांबूची चांदणी दरवर्षी नवी करून फेकली, तर तीसुद्धा वर्षाला ११६ ग्रॅमची उधळपट्टीच. एका प्रश्नाने निवाडा होत नाही. तिन्ही विचारावे लागतात, ते यासाठीच.

आपल्या आसपास सजावटीला आणखी काय मिळते? नोव्हेंबर-डिसेंबरात कोल्हापूरच्या शिवारात उसाला तुरे येतात. तुरा आला की उसाची वाढ थांबते, म्हणून शेतकऱ्याला त्याचे कौतुक नसते. पण ऊस तोडल्यावर शेतकऱ्याला विचारून घेतलेले चार तुरे मडक्यात उभे केले, तर त्यांच्या रुपेरी पिसाऱ्यापुढे बाजारातली झिरमिळी फिकी पडेल. घरात कोणाला दमा असेल, तर मात्र ते अंगणात ठेवावेत.

गोव्यातील अनेक घरांत येशूजन्माचा गोठा सजवताना हिरवळीसाठी नाचणीसारखे धान्य आधी पेरून ठेवतात. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य उगवतात, तोच हा प्रकार. यात एक प्रयोगही करता येतो. एक परडी उजेडात आणि एक अंधारात ठेवा. अंधारातले कोंब उंच पण पिवळे निघतील, कारण प्रकाशावाचून हरितद्रव्य तयार होत नाही.

नाताळवृक्ष म्हणून कोकणात आणि गोव्यात सुरूची फांदी लावतात. छाटणीत निघालेली फांदी मिळाली तरच ती आणावी. तिची ‘पाने’ ओढून पाहा, सांध्यासांध्यावर तुटतील. ती पाने नव्हेतच. त्या हिरव्या डहाळ्या आहेत आणि खरी पाने सांध्यांवरील सूक्ष्म खवल्यांएवढी असतात. फांदी मिळाली नाही, तर अंगणातले कुंडीतले झाड सजवावे. ते जानेवारीतही जिवंत असते, आणि हा मोठा गुण आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला : एका घराच्या दीड किलोने आणि सतरा ग्रॅमने काय होणार? आक्षेप खोटा नाही. एका चांदणीने पंचगंगा स्वच्छ होणार नाही. नदीचे मोठे प्रश्न सांडपाण्याचे आहेत आणि ते शासनाने व उद्योगांनीच सोडवले पाहिजेत. परंतु जो विद्यार्थी आपल्या चांदणीचा हिशेब करायला शिकला, तो उद्या नगरपालिकेत, कारखान्यात, शेतात मोठा हिशेब करील आणि दुसऱ्याने केलेला हिशेब तपासूनही पाहील. दुसरा आक्षेप : सणात कसले आकडे? आनंद करू द्या. पण स्वतः बांधलेली चांदणी दारावर लागते, तेव्हा आनंद कमी होतो असा कोणाचा अनुभव आहे?

शेवटी शिक्षकमित्रांना एक आग्रहाची विनंती. सजावटीच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचे प्रसंग मला येतात. ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे नाव असते. पण पाहावे तर नवी चमकी, नवे मणी, नवे रंगीत फोम, सगळे त्याच आठवड्यात विकत आणलेले. एखादी बाटली तेवढी जुनी असते. बक्षीस बहुधा अधिक खर्च करणाऱ्याला जाते आणि तिसऱ्या दिवशी सगळे कचऱ्यात जाते. यात दोन अन्याय होतात. एक निसर्गावर, दुसरा ज्या मुलाच्या घरी चमकीला पैसे नाहीत त्याच्यावर.

हे बदलणे सोपे आहे. प्रत्येक वस्तूशेजारी एक चिठ्ठी लावायला सांगा. तीत वजन, द्रव्य, नवीन विकत घेतलेल्या भागाचे वजन, किती वर्षे वापरणार आणि शेवटी कोठे जाणार, एवढेच लिहावे. प्रयोगशाळेतला तराजू त्या दिवशी सभागृहात आणून ठेवावा. निम्मे गुण देखणेपणाला आणि निम्मे या चिठ्ठीला द्यावेत. आणि एक बक्षीस राखून ठेवावे, गेल्या वर्षीचीच चांदणी दुरुस्त करून यंदा पुन्हा घेऊन येणाऱ्याला. त्या बक्षिसाची घोषणा आधी वर्षभर करावी, म्हणजे जानेवारीत चांदण्या कचऱ्यात न जाता माळ्यावर जातील.

नीस्कीच्या त्या शिक्षकांनी चांदणीतून भूमिती शिकवली. आपण तिच्यातून भागाकार शिकवू या. वस्तूचे वजन वर, वापरलेली वर्षे खाली. खालचा आकडा जो वाढवील, त्याची आरास खरी पर्यावरणपूरक.